सुंगटाच्या अस्वस्थपणाबद्दल आईंना

हळर्ण, पेडणे
गुरुवार, शाळा सुटल्यावर

तीर्थस्वरूप आईंना,

अर्चनाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. डोळा कसा आहे? थेंब वेळेवर पडतात ना? कोमलवहिनी थेंब घालताना हात जराही हलू देत नाहीत असं तुम्ही मागे फोनवर म्हणालात, ते ऐकून बरं वाटलं (मी घातले असते तर अर्धे गालावर गेले असते, हे तुम्ही म्हणाला नाहीत, पण मला ऐकू आलं). डोळ्यावर ताण नको म्हणून मी अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, पहिलीच्या मुलांना फळ्यावर काढून देते तसं. मध्येच कुठे अक्षर बारीक झालेलं दिसलं, तर तिथे मला लिहिताना लाज वाटत होती असं समजा आणि चष्मा लावून वाचा.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोन केला की परेशभावजी तो स्पीकरवर टाकतात, आणि माझ्या एका वाक्याला तुमचा एक ‘हं’ येतो आणि त्यांच्या चार सूचना येतात. त्यात मागचे तीन आठवडे तुम्ही ‘हं’ सोडून दुसरं काही बोललेलाच नाहीत. पंधरा दिवसांसाठी म्हणून मोतीबिंदू काढायला वास्कोला गेलात, त्याला आता सव्वादोन महिने झाले. डॉक्टरांनी घरी जायला कधीच मोकळीक दिली, असं परेशभावजींनी साईशला सांगितलं. तुम्ही म्हणता, डोळ्यापुढे अजून धुकं येतं. येत असेल. धुक्याबद्दल मी काही बोलत नाही. मी लिहिते आहे ते सुंगटाबद्दल.

इकडे बाकी सगळं ठीक आहे. साईश रोज वीजखात्याच्या गाडीतून खांबांवर चढायला जातो आणि सुखरूप खाली उतरतो. राणीला चाचणीत गणिताला चांगले गुण पडले. माडांवरचे नारळ पाडून घेतले. फक्त सुंगटाचं बरं नाही. आधीच सांगते, ती जिवंत आहे. घाबरू नका.

तुम्ही गेल्यावर पहिले आठ-दहा दिवस ती नेहमीसारखीच होती. सकाळी पडवीतल्या सोप्यावर ऊन खात, दुपारी चुलीमागे, संध्याकाळी मासळी साफ करताना माझ्या पायात. मग एके दिवशी तिने तुमच्या खोलीच्या दारासमोर बसून जो सूर लावला तो लावलाच. तिचं भुकेचं ओरडणं आपल्याला ठाऊक आहे, भांडणाचं ठाऊक आहे, बोक्याची वाट बघतानाचं तर सगळ्या वाड्याला ठाऊक आहे. हे चौथंच काहीतरी होतं. खोल, लांब, आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखं. दार उघडलं की आत जाणार, भिंतीच्या कडेकडेने एक फेरी घालणार, चारी कोपरे हुंगणार आणि मिशा ताठ करून बाहेर येणार. पुन्हा दारासमोर बैठक, पुन्हा तोच सूर. पिल्लू असताना सुंगटासारखी, शिजलेल्या कोळंबीसारखी वाकून झोपायची म्हणून तुम्ही तिचं हे नाव ठेवलंत. आता ती वाकत नाही आणि झोपतही नाही. पोटाकडचे केस चाटून चाटून काढून टाकले, तिथे राणीच्या तळहाताएवढं टक्कल पडलं. बांगड्याचं डोकं पुढे ठेवलं तर हुंगते, आणि माझ्याकडे असं बघते की जणू तो बांगडा मी तिच्याच घरातून चोरून आणलाय. एका सोमवारी तिने साईशच्या हेल्मेटमध्ये जे काही केलं ते त्याला हेल्मेट डोक्यावर चढवल्यानंतर कळलं. त्याहून जास्त लिहीत नाही, तुम्ही जेवून वाचत असाल.

पहिला उपाय सुलोचनाकाकींचा. त्या कुंपणापलीकडून तीन दिवस ऐकत होत्या, चौथ्या दिवशी आत आल्या. “अगो, तिका दिश्ट लागल्या. असला गोरा मांजर आख्ख्या वाड्यार दुसरा खंय आसा?” म्हणाल्या आणि मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन तयार झाल्या. पण दिष्ट काढायची तर माणूस एका जागी बसावा लागतो, आणि सुंगटा बसायला तयार नव्हती. त्यामुळे पुढे मांजर, मागे काकी, काकींची मूठ गोल गोल फिरते आहे आणि तोंडाने आल्यागेल्याची, पाप्या-चांडाळाची नावं चालली आहेत, अशी त्यांनी सगळ्या घराला दोन प्रदक्षिणा घातल्या. शेवटी मिरच्या चुलीत टाकल्या. दिष्ट जबरदस्त असावी, कारण ठसका असा उठला की काकी खोकत अंगणात, मी खोकत मागीलदारी, पाहुणे खोकत बाहेर (पाहुणे कोण, ते पुढे येईल) आणि सुंगटा कपाटावर. तिथून ती दुसऱ्या दिवशी दुपारी उतरली. काकींचं म्हणणं पडलं की गुण आला, ती ओरडायची थांबली. ती ओरडत नव्हती कारण तिचा घसा बसला होता.

मग साईशने विषय हातात घेतला. त्याचं मत, ही सगळी मोप्याच्या विमानतळावरच्या विमानांची करामत. विमान घरावरून जातं, कौलं थरथरतात, माणसाला सवय होते पण मुक्या जनावराला नाही. मी म्हटलं, विमानं काय आई वास्कोला गेल्यावर सुरू झाली? त्यावर तो रागावला आणि रविवारी सकाळी वही-पेन घेऊन सोप्यावर बसला. एका बाजूला विमानाची वेळ, दुसऱ्या बाजूला मांजराची हालचाल. दुपारपर्यंत सहा विमानं गेली. पाच विमानांच्या वेळी सुंगटाने कानसुद्धा हलवला नाही, सहाव्याला जांभई दिली. पण दुपारी अंगणातून कुणीतरी चाकांची बॅग खडखडत ओढत नेली, तशी ती उडाली ती थेट नारळाच्या ढिगामागे (बॅग कुणाची, तेही पुढे येईल). साईशने तेही वहीत लिहिलं, पण त्यावरून काय समजायचं ते लिहिलं नाही. पेनचं टोपण चावत माझ्याकडे बघत बसला. मी पोळ्या लाटायला निघून गेले.

असं करता करता आम्ही तिला पेडण्याला जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. तिला धरायला शनिवारची अर्धी सकाळ गेली, माझ्या दोन्ही हातांवर ओरखडे आले (सोमवारी शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, बाई, घरी सगळं ठीक आहे ना?). उशीच्या अभ्र्यात घालून, मान तेवढी बाहेर ठेवून, मी तिला कवटाळून स्कूटरवर साईशच्या मागे बसले. वाड्याच्या तोंडाशी गतिरोधकावर स्कूटर उडाली, समोरून पाववाला पोदेर पों पों करत सायकलवरून आला, आणि माझ्या हातात नुसता अभ्रा राहिला. सुंगटा कुठे गेली ते आम्हाला कळेना. मग पोदेराच्या टोपलीवरचं निळं प्लास्टिक हललं. आई, ती त्या गरम उंड्यांच्या मधोमध बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, अंगभर पिठाची पांढरी धूळ, आणि घुर्र घुर्र असा आवाज. दीड महिन्यात तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मला रस्त्यातच रडू आलं. पोदेर बिचारा म्हणाला, “बाय, आतां हे उंडे हांव कोणाक विकूं?” त्याचंही बरोबर होतं. सगळे उंडे आम्हीच घेतले. पुढे तीन दिवस घरात भाजीशी उंडे, चहाशी उंडे, उंड्यांचा उपमा आणि शेवटी राणीच्या हट्टावरून उंड्यांचा शिरा. पोदेर मात्र भला माणूस. त्याने आपली लहान टोपली आतल्या ऊबदार फडक्यासकट आम्हाला दिली, त्यात बसून सुंगटा एक अक्षर न बोलता पेडण्याला पोचली.

तिथली डॉक्टर सुविधा म्हणून एक मुलगी आहे, आमच्या शाळेतल्या नव्या शिक्षिकेएवढी असेल. मला वाटलं ही मानगूट धरून सुई टोचेल. ती खाली फरशीवरच बसली, टोपली उघडी ठेवली, आणि भलतीकडे बघत आम्हाला विचारत राहिली की पाऊस कसा झाला, सुपारी कशी आहे. पाच मिनिटांनी सुंगटा आपणहून बाहेर आली आणि तिच्या गुडघ्याला डोकं घासू लागली. मग तिने पोट बघितलं, दात बघितले, लघवीही तपासली. म्हणाली, “आजार काही नाही. तिला काळजी लागून राहिलीय.”

मी म्हटलं, मांजराला कसली काळजी? घर आहे, बांगडा आहे, कामधंदा नाही.

ती हसली नाही. “मांजराला माणसाइतकीच जागा लागते. आपली जागा, आपला वास, आपल्या वेळा. ते बदललं की त्याच्या पायाखालची जमीन सरकते. घरात अलीकडे काही बदललंय?”

“काही नाही,” मी म्हटलं.

“रंग दिला,” साईश म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो भिंतीवरचा गाईच्या रोगांचा तक्ता वाचत होता.

“सगळ्या घराला?”

“नाही. एका खोलीला,” तक्त्याकडेच बघत तो म्हणाला. “खाटही बदलली. पडदे बदलले. फरशी रोज लिंबाच्या वासाच्या फिनेलने पुसतो. आणि लोक येतात.”

“कसले लोक?”

“नवे. दर खेपेला नवे.”

डॉक्टरचं पेन थांबलं. “ती खोली आधी कोणाची होती?” तिने विचारलं. साईशने तक्ता वाचायचा थांबवला. आता दोघं माझ्याकडे बघत होती आणि सुंगटा धरून तिघं.

आई, आता चष्मा लावा.

विमानतळ झाल्यापासून आपल्या वाड्यावर ज्याच्या त्याच्या घराला ‘होमस्टे’ची पाटी लागली आहे, हे तुम्ही जाण्याआधीही बघत होतात. सुलोचनाकाकींनी तर लाकडं ठेवायची खोप साफ केली आणि तिथून नदी दिसते असं सांगायला लागल्या (दिसते, खोपीवर चढलं तर). मला वाटलं, आपली पुढची खोली नुसती बंद. तिला दोन जनेलं, बाहेर सुपारीची बाग, आई येईपर्यंत पंधरा दिवस कुणी राहिलं तर खोलीला हवाही लागेल. तुम्हीच नाही का एकदा म्हणाला होतात, एवढी मोठी मला एकटीला कशाला? (नाही. ते तुम्ही मच्छरदाणीबद्दल म्हणाला होतात. मला आठवतं.) तर मी तुमची खाट गोठ्याशेजारच्या खोलीत उभी करून ठेवली. भिंतींना फिकट जांभळा रंग दिला. तुमच्या गोधड्या, चादरी, उशा, तुवाले, अगदी दाराशी असलेलं पायपुसणंसुद्धा वासाच्या पावडरीत तीन तीनदा धुतलं आणि पेटीत भरलं. मामंजींच्या फोटोला हात लावला नाही. म्हणजे लावला, पण मानाने. बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर टांगला. आता ते दिवसभर आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून समोरचं कॅलेंडर बघतात.

तीन पाहुणे येऊन गेले. पहिल्यांनी काही म्हटलं नाही. दुसऱ्यांच्या वाट्याला काकींच्या मिरच्या आल्या. तिसरे पुण्याचे कोणी सतीशराव आणि त्यांची बायको. त्यांची पहिली सकाळ मी विसरणार नाही. तुम्ही इथे असताना उजाडायच्या सुमाराला सुंगटा तुमच्या छातीवर बसून नाकावर पंजा मारून तुम्हाला उठवायची, तो तिचा नेम. त्या दिवशी जनेल उघडं राहिलं होतं. साडेपाचला ती आत गेली, पलंगावर चढली, झोपलेल्या देहाच्या छातीवर बसली आणि नाकावर पंजा मारला. मग तिने वाकून वास घेतला. समोर सतीशराव. आई, दोघंही एकदम ओरडली. कोण कशाने जास्त घाबरलं ते सांगता येणार नाही. ते ‘वाघ, वाघ’ म्हणत चादरीसकट सोप्यावर आले आणि ती जनेलातून जी गेली ती दुपारपर्यंत सुपारीच्या झाडावर. माणूस सज्जन, त्यांनी नंतर तिला स्वतः दूध दिलं (तिने घेतलं नाही). जाताना अभिप्रायाच्या वहीत लिहून गेले: ‘खोली स्वच्छ. जेवण फार छान. मात्र या खोलीला खरी मालकीण दुसरीच कोणी आहे आणि ती परत येईपर्यंत मांजर पहारा देत आहे असे वाटले.’ त्यांना आपल्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. मी ते पान फाडणार होते. फाडलं नाही.

हे सगळं मी डॉक्टरला सांगितलं. अक्षर इथून पुन्हा मोठं करते.

तिने औषध दिलं नाही. सूचना दिल्या, आणि त्या पाळायला औषधापेक्षा कठीण. तिला उचलून घ्यायचं नाही, ती आली तर यावी. तिच्यासाठी उंचावर एक आणि अंधारात एक अशा दोन लपायच्या जागा ठेवायच्या, आणि लपली तर ओढून काढायचं नाही. खाणं ठरल्या वेळी, खेळणं ठरल्या वेळी. फिनेल बंद. ओरडली तर तिच्यावर ओरडायचं नाही (ही सूचना तिने माझ्याकडे बघून दिली, साईशने काहीतरी खूण केली असणार). आणि तिच्याकडे रोखून बघायचं नाही. बघायचं तर डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. मांजरांच्या भाषेत त्याचा अर्थ, माझी तुला भीती नाही.

ते डोळे मिटणं आम्ही फार मनावर घेतलं. संध्याकाळी मी, साईश आणि राणी सोप्यावर ओळीने बसून कपाटावरच्या मांजराकडे बघत डोळे मिटत-उघडत होतो, तर सुलोचनाकाकी कुंपणापर्यंत येऊन तशाच मागे गेल्या आणि वाड्यावर सांगून आल्या की अर्चनाकडे सगळ्यांचे डोळे आलेत. दोन दिवस आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. मला तर सवयच लागली. शाळेत मुख्याध्यापक हजेरीवरून बोलत होते तेव्हा मी त्यांच्याकडे बघून सावकाश डोळे मिटले. ते बोलायचे थांबले आणि म्हणाले, बाई, तुम्ही आज लवकर घरी जा.

सगळ्यांत मोठी सूचना शेवटी होती. जिच्या वासाची तिला सवय आहे, त्या माणसाचं वापरलेलं, न धुतलेलं कापड तिच्या जागेवर ठेवा. घरी येऊन मी शोधायला लागले. कपाट, पेटी, मधली वळई, माळा. आई, मी इतकी नीट धुणारी बाई आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. घरात तुमचा वास असलेली एक वस्तू राहिली नव्हती. सगळ्याला त्या पावडरीचा वास. मी पेटीपाशी बसून एकेक गोधडी नाकाला लावत होते, आणि सुंगटा पलीकडे बसून माझ्याकडे बघत होती; त्या वेळी तिला माझ्याबद्दल काय वाटत होतं ते मला स्वच्छ कळलं. शेवटी राणीने गोठ्याच्या दारामागे खिळ्याला अडकवलेली तुमची गवताच्या भाऱ्याची चुंबळ काढून आणली. तेल, घाम, गवत, सगळं तिच्यात होतं. सुंगटा तिच्यावर बसली ती वेटोळं करूनच बसली. मात्र दुसऱ्या दिवशी ती चुंबळ टोपलीत नव्हती. शोधली तर राणीच्या उशाखाली सापडली. राणी म्हणाली, “मी फक्त थोडा वेळ घेतली होती.” तेव्हापासून एक दिवस मांजराचा, एक दिवस राणीचा अशी पाळी लावली आहे.

गेल्या मंगळवारी मी पाटी काढली. पुढच्या पाहुण्यांना नाही म्हणून कळवलं. साईश आणि मी तुमची खाट परत आणली; दारात तिचा एक पाय असा अडकला की अर्धा तास साईश आत आणि मी बाहेर, आणि मधल्या फटीतून सुंगटा ये-जा करत होती. मामंजींचा फोटो पुन्हा त्यांच्या खिळ्यावर गेला. जांभळा रंग तेवढा आहे, तो काही मला ओरबाडून काढता येत नाही. तुम्हाला वाटेल, आता मांजर निवलं असेल. मला तसं वाटत नाही. ती झोपते, पण ते मला खरं झोपणं वाटत नाही. खाते, पण मन लावून खात नाही. मीच दिवसातून दहा वेळा उठून तुमच्या खोलीत जाऊन बघते, गोधडीची घडी इकडची तिकडे करते, बाहेर येते, वह्या तपासायला बसते, पुन्हा उठते. परवा चौथीच्या मुलांच्या शुद्धलेखनात मी बरोबर शब्दांखाली लाल रेघा मारल्या. जेवताना घास हातात राहतो आणि कान बाहेर, बसचा हॉर्न वाजला का. आज डब्यातले तांदूळ मी दोनदा निवडले. डॉक्टरने परत दाखवायला नेलं तेव्हा मला विचारलं, तुमचं जेवण-झोप नीट आहे ना? मी म्हटलं, आम्ही मांजरासाठी आलोय.

सुलोचनाकाकींनी तुम्हाला फोनवर काही सांगितलं असेल, तर ते साधारण खरं आहे. तुमच्या ‘हं’वरून मला तसं वाटतं.

डोळा जपा. थेंब चुकवू नका. वाकून काही उचलू नका. परेशभावजींना आणि कोमलवहिनींना नमस्कार सांगा. राणी तुम्हाला वेगळं चित्र पाठवते आहे, त्यात जी गोल वस्तू आहे ती सुंगटा आहे, पोटावरची जागा तिने मुद्दाम कोरी ठेवली आहे.

तुमची सून,
अर्चना

ता. क. : मुख्य काम लिहायचं राहिलंच. तुमची एक वापरलेली साडी पाठवा. धुतलेली नको. घडीही नको, नुसती गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. डॉक्टरचं तसं सांगणं आहे. कोमलवहिनी धुवायला टाकतील, त्यांच्या हाती लागू देऊ नका.

ता. क. : साडी जुनी चालेल. ती हिरवी, काठाला डाग असलेली असेल तर बरं. मांजराला ती ओळखीची आहे.

ता. क. : वरचं सगळं लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. सात पानं झाली आणि जे लिहायला बसले होते ते कुठेच नाही. मी तुम्हाला विचारलं नव्हतं, आई. खोलीला हवा लागावी वगैरे काही नाही. तुम्ही नाही म्हणाल म्हणून विचारलं नव्हतं. चुकलं माझं.

(इथून पुढे दुसऱ्या हाताने, पेन्सिलीने)

आई, मी साईश. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय. चहाच्या वाफेवर पाकीट उघडून वाचलं, तिला सांगू नको. सुंगटा खाट आणली त्या दिवसापासून बरी आहे. बांगडा काट्यासकट खाते, पोटावर केस यायला लागलेत, आता मी लिहितोय तर तुझ्या खाटेवर उताणी पडून घोरतेय. खोलीच्या दारासमोर सारखं कोण येऊन बसतं ते मी लिहीत नाही. डॉक्टर म्हणाली, मांजराला पुन्हा आणू नका, त्याला काही झालेलं नाही. रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. साडी पिशवीत बांधून ठेवू नको. नेसून तयार राहा.